कपाळाचं रक्त म्हणजे मेंदूचं रक्त नव्हे

बीअर-लॅम्बर्टचा नियम (किती प्रकाश शोषला गेला यावरून पदार्थ किती आहे ते काढायचा) आणि हिमोग्लोबिनचे आलेख तुम्हाला येत असतीलच. बडोद्याला एनआयआरएसवर, म्हणजे कातडीतून अवरक्त प्रकाश सोडून मेंदूतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या तंत्रावर, काम सुरू केलं तेव्हा मलाही येत होते. तरी आठ महिने मी कपाळाच्या कातडीतलं रक्त मोजत बसले आणि त्याला मेंदू म्हणत राहिले.

प्रयोग साधा. कपाळावर पट्टी, दिवा आणि डिटेक्टरमध्ये ३ सेंमी अंतर, प्रकाश ७६० आणि ८५० नॅनोमीटरचा. समोरच्याने मनात १०० मधून ७ वजा करत जायचं. ऑक्सिहिमोग्लोबिनची (ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनची) रेघ अशी सुरेख चढायची की मी दुसरी, ऑक्सिजन सोडलेल्या डीऑक्सिहिमोग्लोबिनची रेघ काढायचेच नाही. एकदा काढली, तर तीही वर! मेंदूचा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त रक्त येतं, म्हणजे डीऑक्सिची रेघ खाली यायला हवी. त्या रात्री जेवण गेलं नाही.

प्रकाश जाताना आणि परतताना, दोन्ही वेळा कातडीतूनच जातो. गणिताच्या धास्तीने रक्तदाब वाढतो, कपाळाच्या रक्तवाहिन्या भरतात, आणि तेही नेमकं प्रश्न विचारल्याच्या तालावर. ताल एकच, म्हणून कुठलाही फिल्टर कातडीचा आणि मेंदूचा सिग्नल वेगळा करू शकत नाही. त्यासाठी ८ मिमी अंतरावरचा जवळचा डिटेक्टर लागतो. त्याला फक्त कातडी दिसते. तेवढा भाग लांबच्या सिग्नलमधून वजा करायचा. हा जवळचा डिटेक्टर नसेल तर मोजमाप सुरूच करू नका. डेटा विश्लेषणाची आयती स्क्रिप्ट उचलून चालवणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं, त्यांना ही चूक कधी दिसतच नाही. आणि गाइड निवडताना नाव बघू नका, शेजारी बसून कच्चा डेटा बघणारा बघा.

घाबरू नका, बाकीचं हाताला येतं. सेन्सर केसांच्या भागात लावायचा तर दाट केस कंगव्याच्या टोकाने एकेक बाजूला सारायचे, बाहेरचा उजेड अडवायला वर काळं कापड. नवरात्रात रात्रभर गरबा खेळून आलेल्यांना मात्र बोलावू नका, खुर्चीत झोपतात.

पहिल्याच आठवड्यात, गाइड समोर असताना, स्वतःच्या हातावर सेन्सर लावा आणि दंडाला बीपीचा पट्टा फुगवा. ऑक्सि खाली, डीऑक्सि वर. हवा सोडली की ऑक्सिची रेघ उसळून मूळ जागेच्याही वर जाते.