उन्हाळ्याआधी मॉडिफाय गाडीचं ऑइल ठरवताना

होळी झाली की विदर्भात ऊन चढायला लागतं आणि मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. बूस्ट (टर्बो इंजिनात भरतो त्या हवेचा दाब) वाढवलेली थार, रिमॅप केलेली (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली) टर्बो पेट्रोल गाडी, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवलेली बुलेट, नाहीतर जुन्या जीपमध्ये बसवलेलं टर्बो डिझेल इंजिन, यातलं काहीही दारात उभं असेल तर ऑइलचा विचार मार्चमध्येच करा. गॅरेजवर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, "भाऊ, वीस-पन्नास टाकून द्या, जाड ऑइलनं इंजिन वाचते." वीस-पन्नास म्हणजे २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल. त्यानं इंजिन कधी वाचतं, कधी त्याच ऑइलपायी बेरिंग (फिरत्या दांड्याचा आधार) जातं. म्हणून आधी मोजमाप, मग डबा.

सगळ्यात आधी इंजिनाचा कागद तयार करा. कोणता पिस्टन टाकला, टर्बो कोणता, बूस्ट किती आणि मुख्य म्हणजे क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड केला असेल तर बेरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली फट, किती ठेवला. काम अमरावतीला केलेलं असो की नागपूरला, मिस्त्रींकडून हा आकडा लिहूनच घ्या. तोंडी आकडा महिन्याभरात कुणाच्या लक्षात राहत नाही. वर्कशॉपचा जुना हिशेब असा की जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ५० मिमीचा असेल तर क्लिअरन्स साधारण ०.०५ मिमी. त्याहून सैल बांधलेल्या इंजिनाला जाड ऑइल लागतं, कारण पातळ ऑइल त्या फटीतून निसटतं आणि दाब टिकत नाही. पण इंजिन उघडलंच नसेल, नुसता रिमॅप झाला असेल, तर फटी कंपनीच्याच आहेत. तिथे मॅन्युअलमधला तक्ता काढा आणि त्यात चालणाऱ्या ग्रेडपैकी जाडातला जाड, इथवरच जा.

आता डब्यावरचे आकडे. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला आहे. त्याची चाचणी शून्याच्या खाली होते: ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना, १५डब्ल्यूची उणे २० अंशांना. गोंदियात कडाक्याच्या थंडीतही तेवढी वेळ येत नाही, त्यामुळे या आकड्यावर आपण फार डोकं लावायचं कारण नाही. सकाळी स्टार्ट करताना पातळ ऑइल वर लवकर पोचतं, एवढा फायदा मात्र खरा. आपल्या कामाचा आकडा दुसरा, डॅशनंतरचा; ४० ग्रेड म्हणतात तो हाच. १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडपणाचं एकक) असतं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. सोबत एचटीएचएस नावाचा आकडाही पाहा. १५० अंश तापमानात आणि बेरिंगमधल्या रगडणीत ऑइलचा जाडपणा किती उरतो, ते तो सांगतो. १०डब्ल्यू-४०ला किमान ३.५ लागतो, १५डब्ल्यू-४० आणि ५० ग्रेडला ३.७. डब्यावर तो नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. दोन ४० ग्रेडच्या ऑइलमध्ये निवड करायची वेळ आली तर मी हाच आकडा पाहून निवडतो.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात: ऑइलचं तापमान. टेम्परेचरचा काटा पाण्याचा असतो, ऑइलचा नाही. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट पाणी ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, तरी ओढ पडल्यावर ऑइल १२०च्या पुढे जाऊ शकतं. हवेवर थंड होणाऱ्या बुलेटला तर बाहेरच्या उन्हाचा थेट फटका बसतो. म्हणून चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) नटाच्या जागी सेन्सर बसवून घ्या आणि ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी-जॉइंट लावून दाबाचा खरा गेज घ्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो, तोवर बेरिंगचं व्हायचं ते झालेलं असतं.

मग भर दुपारी चाचणी घ्या. कार असेल तर समृद्धी महामार्गावर परवानगीच्या वेगात, म्हणजे जास्तीत जास्त १२०ने, अर्धा तास सलग. दुचाकीला तिथे बंदी आहे, तिच्यासाठी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, खालच्या गिअरमध्ये. कारमध्ये शेजारी कुणाला तरी बसवा आणि आकडे त्यालाच लिहू द्या. दुचाकीवर घाटात थांबून थांबून लिहा, चालवताना गेजकडे पाहत बसू नका. ऑइल ११०च्या आत राहिलं तर मॅन्युअलमधला ४० ग्रेड पुरतो. साधारण १५ अंश वाढले की ऑइल एका ग्रेडनं पातळ झाल्यासारखं वागतं. ११५ अंशांना ४० ग्रेडचं ऑइल १०० अंशांच्या ३० ग्रेडसारखं. म्हणून ११५ ते १२५ सतत दिसत असेल आणि गरम इंजिनाचा दाब दर हजार आरपीएमला १० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली येत असेल, तर ५० ग्रेडला अर्थ आहे. १३०च्या वर गेलं तर ग्रेड बदलून भागत नाही. आधी ऑइल कूलर बसवा, आणि कूलर असेल तर त्याच्या जाळीत अडकलेला कचरा व काळी माती धुऊन काढा.

गेजवर दाब जास्त दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. ऑइल गरजेपेक्षा जाड असेल तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल परत चेंबरमध्ये पडतं. काटा वर दिसतो, पण बेरिंगमधून वाहणारं ऑइल कमी होतं आणि तिथली उष्णता तिथेच राहते. सकाळी थंड इंजिन जोरात फिरवलं तर फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल आत जातं. आमच्याकडे वावरातल्या रस्त्यांची धूळ एवढी, की हे परवडणारं नाही.

बहुतेक मोटारसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी दर्जा) हवंच. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो. शिवाय गिअरचे दात ऑइलला रगडून पातळ करतात, म्हणून बोअर वाढवलेल्या बुलेटला १५डब्ल्यू-५० चांगल्या प्रतीचं घ्या आणि लवकर बदला. टर्बो पेट्रोल, त्यातही थेट इंजेक्शनच्या इंजिनाला, एपीआय एसपी पाहा; २०२० साली आलेला हा दर्जा कमी आरपीएमवरच्या अवेळी पेट घेण्याच्या त्रासाला आळा घालतो. बीएस६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तिथे कमी राखेचं ऑइल, मॅन्युअल सांगेल त्याप्रमाणे एसीईए सी३ हा युरोपी दर्जा किंवा तत्सम. जुन्या डिझेलसाठी सीआय-४ प्लस दर्जाचं १५डब्ल्यू-४० आजही पुरतं.

डिपस्टिक आठवड्याला काढा, आणि नुसती पातळी पाहून ठेवू नका. पातळी कमी झाली तर गाडी ऑइल पिते हे सगळ्यांना कळतं. वाढली तर जास्त काळजी करा: बहुधा इंधन ऑइलमध्ये उतरतंय. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास येत असेल आणि थेंबाभोवती पातळ कडं पसरत असेल तर ग्रेड कोणताही असो, ऑइल आतल्या आत पातळ झालंय. इंजेक्टर आणि ट्यून तपासा. जाड ऑइल टाकून हा दोष झाकू नका.

डबा बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, झाकणाचं सील आणि क्यूआर कोड पाहून. भरलेल्या ऑइलचाच आणखी एक लिटर गाडीत ठेवा, म्हणजे रस्त्यात मिळेल ते टाकावं लागत नाही. कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावर ऑइल बदलावं, फिल्टर प्रत्येक वेळी, असं माझं मत. इंजिन आणि टर्बोतले बदल आरटीओच्या नियमात बसतात का, तेही आताच पाहून घ्या. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

राहिलं जळकं ऑइल. गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी ते लावायची सवय गावोगाव आहे, पण ते घातक कचऱ्यात मोडतं आणि पावसानं धुऊन विहिरीत उतरतं. बंद डब्यात साठवा आणि ऑइल बदलून घेता त्या गॅरेजला अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यायला सांगा.