कॅम्परव्हॅनने कोकण पाहताना या चुका टाळा

झोपायला गादी, स्वयंपाकाला ओटा, पाण्याची टाकी आणि टपावर सौर पॅनेल असलेली गाडी दाराशी उभी राहिली की कोकणचा नकाशा फार सोपा वाटू लागतो. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग आहे, खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत, तेव्हा आवडेल तिथे थांबावे आणि सकाळी पुढे निघावे, असा बेत सहज आखला जातो. अशा सहलींत पुढे जे बिघडते, त्याचे मूळ मात्र बहुतेक वेळा एकाच समजुतीत असते: घर सोबत आहे, तेव्हा गावाची गरज नाही. कोकणात हे खरे नाही. तिथला निसर्ग गावांनी राखलेला आहे आणि संस्कृती तर गावाबाहेर सापडतच नाही.

पंचांग न पाहता तारखा ठरवणे

सुट्टी पाहून निघणे स्वाभाविक आहे, पण किनाऱ्यावरचे दिवस भरती-ओहोटीवर चालतात आणि भरती तिथीवर. कोकणात जुना हिशेब असा आहे, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि पाणी खूप आत चढते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाण्याची चढउतार कमी राहते. मुक्कामाच्या दिवशी भरतीचे छापील कोष्टक अवश्य पाहावे, पण बेत आखताना हा हिशेब पुरतो.

याचा पहिला उपयोग फेरीबोटीवर होतो. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेऱ्यांमुळे खाडीला घालावा लागणारा लांबचा वळसा वाचतो. भरतीला बोटीची फळी धक्क्याशी जवळजवळ सपाट टेकते. पूर्ण ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार आणि फळी यांच्यात कोन तयार होतो, आणि मागच्या चाकांच्या पलीकडे लांबवर गेलेला व्हॅनचा भाग तिथे घासतो. साध्या मोटारीला जे जाणवतही नाही, त्यात व्हॅनची सांडपाण्याची नळी किंवा सायकलींचा कठडा तुटतो. अशा वेळी पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश, खलाशाच्या हाताकडे पाहत गाडी घ्यावी, सोबतच्या एकाने खाली उतरून मागची बाजू पाहावी आणि अंतर फारच कमी वाटले तर पाणी चढेपर्यंत थांबावे. तो वेळ धक्क्यावरच्या टपरीत चहा घेत घालवला तरी वाया जात नाही.

वाळूवर गाडी नेणे

ही चूक दर सुट्टीत होते. ओहोटीला ओली वाळू डांबरासारखी टणक दिसते आणि हलक्या गाड्या तिच्यावरून गेलेल्याही असतात. व्हॅनचे वजन वेगळे असते, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यावर बॅटऱ्या, फर्निचर आणि माणसे. शिवाय वाळूखाली खेकड्यांची बिळे असतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काही किनाऱ्यांवर कासवांची घरटीही असतात. त्यामुळे किनाऱ्यावर गाडी उतरवूच नये.

तरीही रस्त्याकडेच्या पुळणीत चाक रुतलेच, तर पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय काढणे. चाक जितके फिरेल तितके ते खाली जाते. चाकापुढची वाळू हाताने उकरावी, टायरमधील हवा निम्म्याच्या आसपास उतरवावी, चाकाखाली फळ्या किंवा जाड पायपुसणी सारावीत आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच बाहेर यावे. दोन प्रयत्नांत गाडी निघाली नाही, तर तिसरा न करता वाडीतून ट्रॅक्टर बोलवावा, कारण पाणी चढू लागले की हातात फार वेळ उरत नाही. बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय वेग घेऊ नये, आणि गोडे पाणी मिळेल तिथे गाडीची खालची बाजू धुवावी. खाऱ्या पाण्याचा गंज ब्रेकच्या नळ्यांपासून सुरू होतो.

कातळसड्याला वाहनतळ समजणे

रत्नागिरी-राजापूर भागातले जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी कातळपठारे, पाहिले की रात्रीच्या मुक्कामाला याहून चांगली जागा नाही असे वाटते: सपाट, मोकळे, वाऱ्याचे, आणि दूरवर दिसणारा समुद्र. पण याच सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे जमिनीच्या कातळात कोरलेल्या प्राचीन आकृत्या आहेत. बारसू, कशेळी, उक्षी, जांभरुण, देवीहसोळ ही त्यांतली परिचित ठिकाणे, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांचा समावेश झाला. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात मात्र अशी शिल्पे पायाखाली असूनही दिसत नाहीत. रेषा काही सेंटिमीटर खोल असतात, त्यांत माती साचलेली असते आणि वर वाळके गवत असते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन आले की कडांच्या सावल्या पडतात आणि मग एकेक आकृती उठून दिसू लागते. जी शिल्पे चालणाऱ्यालाही दुपारी दिसत नाहीत, ती गाडी चालवणाऱ्याला कशी दिसणार? अनेक सड्यांवर कुंपण नाही, फलक नाही, आणि जांभा मऊ असतो. तेव्हा गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून चालत जावे आणि गावातल्या माणसाला सोबत घ्यावे. पावसाच्या सुरुवातीला याच सड्यांवरच्या जेमतेम मातीत दीपकाडीची पांढरी फुले उमलतात. ही वनस्पती जगात फक्त कोकणच्या पट्ट्यातच आढळते, आणि तिचे कंद चाकाखाली चिरडायला एक वळण पुरते.

देवराईचे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचेही तसेच आहे. तिथली वाळकी काटकी चुलीसाठी उचलणे, झाडांना कपडे वाळवायची दोरी बांधणे किंवा सावली दिसली म्हणून कडेला मुक्काम टाकणे या गोष्टी गाव सहन करील, पण विसरणार नाही. आधी देवळाच्या गुरवाला किंवा गावकाराला, म्हणजे गावच्या मानकऱ्याला भेटून विचारावे. ते बहुधा शाळेशेजारची किंवा देवळामागची पाण्याची सोय असलेली जागा स्वतःच दाखवतात.

गाडीतले बिघाड

सर्वांत गंभीर गोष्ट आधी सांगतो. झोपताना जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून आत वातानुकूलन लावणे हा जिवावरचा खेळ आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला आणि तपासात जनरेटरमधून आत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड हे कारण पुढे आले. या वायूला वास नसतो, झोपेतला माणूस जागा होत नाही. त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत हवेच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झडप असावी. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा आणि दारे उघडून सर्वांनी बाहेर पडावे.

विजेच्या तक्रारींत बहुतेक वेळा बॅटरीचा दोष नसतो, हिशेबाचा असतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॉट-अवर, आणि ती शिसे-आम्लाची असेल तर त्यातली निम्मीच वापरावी. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी त्या बॅटरीतून १६० अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते. म्हणजे भात शिजण्याआधीच इन्व्हर्टर बंद पडतो. पंखा, दिवे, फोन आणि छोटा फ्रिज बॅटरीवर चालवावेत, उष्णता देणारी उपकरणे चालवू नयेत.

आंबा, फोंडा किंवा कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की तो तापून निकामी होऊ लागतो. पेडल मऊ लागले किंवा जळका वास आला, तर रुंद जागा पाहून थांबावे आणि चाके आपोआप थंड होऊ द्यावीत. त्यांच्यावर पाणी ओतू नये. चढताना ज्या गिअरची गरज पडली असती, त्याच गिअरमध्ये उतरावे. घाट आणि वाड्यांतल्या रस्त्यांचा आणखी एक भाग उंचीचा आहे. टपावरच्या पॅनेलसह गाडीची पूर्ण उंची मोजून ती चालकासमोर लिहून लावावी, कारण लोंबत्या तारा आणि आंब्याच्या फांद्या चिऱ्याच्या गडग्यांमधून (कुंपणाच्या भिंतींमधून) जाताना दिसतात, तोवर मागे घ्यायला जागा राहत नाही.

गाडी भाड्याची असेल तर स्वतः चालवण्यासाठी दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, हे तपासावे. स्वतःची व्हॅन बदलून घेतली असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे त्या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात झालेली असावी. अपघातानंतर विमा नाकारला जातो तो इथेच.

गावात राहून गावाचे काहीच न घेणे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत घरोघरी राहण्या-जेवण्याची सोय असते. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम उभे केले, आणि पाहुण्यांच्या मुक्कामातून येणारे उत्पन्न हे त्या कामाचे बळ आहे. व्हॅनमध्येच शिजवून, व्हॅनमध्येच झोपून, सकाळी पिल्ले समुद्रात जाताना पाहून निघून जाणे मला योग्य वाटत नाही. झोपावे गाडीत, पण जेवण घरी सांगून ठेवावे. किनाऱ्याच्या बाजूला बाहेरचे दिवे लावू नयेत, कारण पिल्ले उजेडाकडे वळतात आणि अंधारात त्यांना समुद्राचीच क्षितिजरेषा उजळ दिसायला हवी.

सिंधुदुर्गात कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात आणि दशावतार या लोकनाट्याचे खेळ रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. इथे होणारी चूक अगदी साधी आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुढे निघण्याचे ठरलेले असते, मग खेळाच्या सुरुवातीचे संकासुराचे पात्र येऊन गेले की मंडळी उठतात. त्या रात्रीनंतरचा दिवस मोकळाच ठेवावा. गाडी देवळाच्या वाटेपासून दूर, दुकाने मांडायच्या जागा सोडून, दिवसाउजेडीच लावावी, आणि दुपारी विश्रांती झाल्यावर कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे, आणि तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही आधी फोन करून वेळ घ्यावी, कारण बाहुल्या मांडायला वेळ लागतो.