गोळीचे पहिले पंधरा दिवस : चिंतेवरचं औषध सुरू करताना

चिंतेच्या आजारावर एस्सिटालोप्रामची गोळी सुरू केली, त्याच्या चौथ्या दिवशी मी ओट्याला धरून उभी होते. पोटात ढवळत होतं, हात थरथरत होते, आणि ज्या धडधडीसाठी औषध घेतलं तीच वाढली होती. सासूबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "गो, ह्या गोळयेन तुका जास्तच त्रास होताहा. सोड ती." त्यांची माया बोलत होती. मीही पट्टी टाकून द्यायच्या बेतात होते. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला म्हणून थांबले. त्यांनी आठवडाभर अर्धी गोळी घ्यायला सांगितली, मग पुन्हा पूर्ण. सहाव्या आठवड्यात मी एकटी एसटीने कुडाळला जाऊन बाजार करून आले. त्याआधी वर्षभर ते जमलं नव्हतं.

या औषधांचा त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतो, बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. गुण दिसायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात, चिंतेत कधी त्याहून जास्त. मधल्या या दिवसांतच माणसं गोळी सोडतात. म्हणून या दिवसांची तयारी आधीच करून ठेवायची.

डॉक्टरांसमोर बसलात की

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन ही औषधं नैराश्यावरची म्हणून ओळखली जातात. चिठ्ठीवर तसं वाचून घाबरू नका, ती चिंतेवरही तितकीच वापरली जातात. "कमी डोसाने सुरुवात करता येईल का?" हे स्वतःहून विचारा. चिंतेच्या, विशेषतः घाबरेपणाचे झटके येणाऱ्या माणसाला पहिल्या डोसानेच जास्त अस्वस्थ व्हायला होतं, म्हणून बरेच डॉक्टर एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम किंवा सर्ट्रालीन २५ मिलिग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवतात.

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. रक्तदाबाची, रक्त पातळ करणारी, गुडघ्यासाठी घेतलेली, वैद्याने दिलेली चूर्णंसुद्धा. ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध यांचं या गोळ्यांशी जमत नाही. डोकं किंवा अंग दुखलं तर पॅरासिटामॉल बरं. डायक्लोफेनॅक, इबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या बरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, आणि आपल्याकडे त्या मेडिकलमधून सहज आणून खाल्ल्या जातात. पूर्वी कधी चार-पाच रात्री झोप न होताही अंगात उत्साह मावत नव्हता, भरमसाट खर्च, भरमसाट बोलणं, असं झालं असेल तर तेही सांगा. अशा माणसाला ही गोळी एकटी देत नाहीत. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही.

सुरुवात कधी करायची

गणपतीच्या आदल्या आठवड्यात नको. घर चाकरमान्यांनी भरलेलं, रात्रीची भजनं, पहाटेचा स्वयंपाक, यात मळमळ आणि अपुरी झोप सांभाळणं अवघड. शिमग्याचंही तेच. जमलं तर दोन साधे आठवडे निवडा, आणि घरातल्या एकाला तरी खरं सांगून ठेवा. "याला रत्नागिरीला पाठवा" असं आमच्याकडे अजून थट्टेत म्हणतात, त्या मनोरुग्णालयाच्या नावाने. तेवढ्या एका वाक्याच्या भीतीने कित्येक जण गोळी लपवून घेतात, आणि लपवलेल्या गोळीचा त्रास एकट्यालाच सोसावा लागतो. चिंतेचा आजार असलेल्या बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं.

मळमळ, जुलाब

हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास. सेरोटोनिन म्हणजे शरीरात निरोप पोहोचवणारं एक रसायन. त्यातलं सुमारे ९० टक्के मेंदूत नसतं, आतड्यात असतं, आणि ही औषधं सेरोटोनिनवरच काम करतात. पोटात ढवळतं ते त्यामुळे. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ नाही.

गोळी उपाशीपोटी घेऊ नका. मी सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं खाऊन घेत असे, आणि पहिले दहा दिवस मुख्य आहार तोच होता. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. मऊ भात, मेतकूट, कुळथाची पातळ पिठी चालते. आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळला की मळमळ जरा बसते. सोलकढी काही दिवस राहू द्या, नारळाचं दूध अशा वेळी जड जातं. त्याऐवजी कोकमाचं पाणी, मीठ-जिरं घालून. सुक्या मासळीच्या वासाने मला कोरड्या ओकाऱ्या यायच्या, म्हणून ती भाजण्याचं काम घरात दुसऱ्याने घेतलं. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी. दिवसभर पोटात काहीच टिकत नसेल तर फोन करा.

अस्वस्थपणा वाढला तर

सगळ्यांत जास्त माणसं इथे हरतात. चिंतेचा रुग्ण आधीच शरीराकडे कान लावून बसलेला असतो. छातीत जरा धडधडलं की "आता काहीतरी होणार". त्यात गोळीने खरोखरच थरथर, घाम, उगाच जांभया, डोकं हलकं अशा नव्या खुणा दिल्या की प्रत्येक खूण संकटासारखी वाटते.

मला एका गोष्टीचा आधार झाला. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या चौकोनात पेन्सिलने लिहायचं : मळमळ किती, झोप किती तास, धडधड किती, शून्य ते दहात. आठव्या दिवशी मागे पाहिलं तर मळमळ आठवरून तीनवर आली होती. मनाला ते जाणवलं नव्हतं, कागदावर दिसत होतं. तोच कागद तपासणीला न्या, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

चहा-कॉफी निम्म्यावर आणा. संध्याकाळी किनाऱ्यावर अर्धा तास चाला, एकटं जायची भीती वाटली तर कुणाला तरी बरोबर घेऊन. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. काही डॉक्टर पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरती क्लोनाझेपामसारखी गोळी जोडीला देतात. तिने लगेच शांत वाटतं, म्हणूनच तिची सवय लागते. सांगितलेल्या दिवसांपलीकडे ती स्वतःहून चालू ठेवू नका. आणि पाय इतके तळमळत असतील की एका जागी दोन मिनिटं बसवत नाही, तर त्याला "ओसरेल" म्हणून सोसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, डोस बदलता येतो.

झोप, घाम, आणि वयस्कर माणसं

झोप उडत असेल तर गोळी सकाळी, पेंग येत असेल तर रात्री, डॉक्टरांना विचारून. पेंग किंवा गरगर आहे तोवर माडावर चढणं, आंबे उतरवायला झाडावर जाणं, होडीवर एकट्याने जाणं, मोटारसायकलने घाट उतरणं बंद. दारू, मग ती माडी असो की काजूची फेणी, या दिवसांत नकोच.

आपल्या दमट हवेत घाम तसाही येतो, या गोळ्यांनी आणखी वाढतो. सुती कपडे आणि दोनदा अंघोळ यावर भागतं. वयस्कर माणसाचं मात्र वेगळं. या औषधांनी रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी जास्त करवणारी गोळी चालू असेल तर. आजी अचानक गोंधळल्यासारखी बोलू लागली, तोल जाऊ लागला, तर "वय झालं" म्हणू नका, सोडियम तपासून घ्या.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही

इच्छा कमी होणं, स्त्री-पुरुष दोघांनाही समाधान उशिरा मिळणं किंवा न मिळणं, हा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि मळमळीसारखा तो आपोआप जाईलच असं नाही. लाजेने कुणी सांगत नाही, मग एक दिवस गोळीच बंद होते. डॉक्टरांना हे नवीन नसतं. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं असे मार्ग आहेत. समोर बोलवत नसेल तर कागदावर लिहून द्या. नवरा-बायकोत आधीच बोलणं झालं तर गैरसमज तरी होत नाहीत.

थांबू नका, लगेच मदत घ्या

स्वतःला संपवावंसं वाटणं, वागण्यात अचानक आलेला चिडखोरपणा. २५ वर्षांखालच्या मुलामुलींकडे पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावं. खूप ताप, अंग ताठरणं, जोराची थरथर आणि भ्रम एकत्र आले, शौचाला काळं झालं, अंगावर पुरळ येऊन चेहरा सुजला, तर थेट रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. रात्रीबेरात्री मन आवरत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

गोळी चुकली, गोळी संपली

चुकली तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडा, दोन एकदम नकोत. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. पॅरॉक्सेटीनमध्ये हे जास्त, फ्लुऑक्सेटीन शरीरात बराच काळ राहतं म्हणून त्यात कमी. बरं वाटू लागल्यावरही सहसा सहा महिने ते वर्षभर औषध चालतं, आणि मग डॉक्टर ते पायरीपायरीने उतरवतात.

पावसाळ्यात गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका, आपल्या हवेत त्या ओलावा धरतात. आणि पट्टीत दहा गोळ्या उरल्या की पुढची आणा. घाट बंद पडला किंवा वाडीचा रस्ता पाण्याखाली गेला की मेडिकलवालाही मालाची वाट बघत बसतो.