स्केट झाल्या झाल्या फोन कोणाच्या हातात? लहान फिगर स्केटर्सना घाणेरड्या कमेंट्सपासून कसं वाचवायचं

चौदा वर्षांची पोरगी. डबल ॲक्सल नावाच्या उडीवर पडली, उठली, उरलेला प्रोग्रॅम नीट पूर्ण केला, कोचशेजारी बसून मार्क्स बघितले, कॅमेऱ्याकडे बघून हातबित हलवला. नंतर मी चेंजिंग रूममध्ये गेले तर ही बाई एका पायात स्केट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, लेस अर्धी सुटलेली, आणि मान खाली घालून लाईव्ह स्ट्रीमची चॅट वाचतेय. किती वेळ तशी बसली होती देव जाणे. संध्याकाळी विचारलं तर कोच काय बोलले त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं, कमेंट्स मात्र तोंडपाठ, कोणी काय लिहिलं, कुठला इमोजी टाकला, सगळं.

तेव्हापासून मी हा पहिला तास फार सांभाळते. क्लबचं पेज आणि चॅनेल माझ्याकडे असतं त्यामुळे घाण आधी माझ्याच नजरेला पडते, आणि मला जे जमलं, जे फसलं ते इथे लिहितेय. पालक, कोच, थोडी मोठी झालेली स्केटर्स, कोणालाही कामाला येईल.

आधी आपण मोठी माणसं काय चुकतो ते. पहिलं म्हणजे "दुर्लक्ष कर". अहो, वाचून झाल्यावर दुर्लक्ष कसं करणार, ते काय पुसता येतं का डोक्यातून. दुसरं, फोन काढून घेणे. म्हणजे शिव्या कोणीतरी दिल्या आणि शिक्षा हिला, पुढच्या वेळी पोरगी सांगणारच नाही, बाथरूममध्ये लपून वाचेल. आणि तिसरं, बाबा स्वतः कमेंटमध्ये उतरून भांडतात. हे तर हात दाखवून अवलक्षण, कारण चार कमेंटचा धागा चाळीस होतो, त्याचेच स्क्रीनशॉट फिरतात आणि मुलीला शाळेत "तुझे पप्पा व्हायरल झाले" ऐकावं लागतं.

तर पहिला तास. स्पर्धेच्या आदल्या दिवशीच बोलून ठरवायचं, त्या दिवशी सकाळी घाईत नाही. आमचं असं ठरलेलं असतं की वॉर्मअपच्या आधी फोन बॅगेत बंद, आणि कोचशी बोलणं, कपडे बदलणं, पोटात काहीतरी जाणं एवढं झाल्याशिवाय उघडायचा नाही. आजीचा फोन येणार असेल तर तो आईच्या फोनवर. तेवढ्या वेळात एक मोठं माणूस कमेंट्स बघून घेतं, घाण बाजूला काढतं आणि चांगले मेसेज वाचून दाखवतं. हे शेवटचं विसरू नका हं, नाहीतर मुलांना वाटतं सगळं जग शिव्याच देतंय म्हणून फोन देत नाहीयेत. आणि हा नियम चांगल्या स्केटलाही लागू, फक्त पडल्यावर फोन लपवलात तर मूल लगेच ओळखतं की काहीतरी भयंकर लिहिलंय.

फिगर स्केटिंगमध्ये हे जास्त का लागतं याचा विचार केलाय कधी? टीमच्या खेळात चूक दहा जणांत वाटली जाते, इथे बर्फावर एकटं पोर, आणि मार्क्स येईपर्यंत कॅमेरा थेट चेहऱ्यावर, त्या जागेचं नावच किस अँड क्राय. वर प्रोटोकॉल शीट, म्हणजे मार्कांचा तपशीलवार कागद, जाहीर होते, कुठल्या जंपला अंडर-रोटेशनची (गिरकी अपुरी राहिल्याची) खूण पडली, कोणत्या जजने उणे पाच ते अधिक पाचमध्ये किती दिले, सगळं छापील. म्हणजे घरबसल्या प्रत्येकजण टेक्निकल पॅनेल, जंप तपासणारे पंच. त्यात हे वयच असं की उंची वाढते, शरीर बदलतं, काल येणारी जंप आज येत नाही, आणि लोक लिहितात "वजन वाढलंय". बरं ते लिहिणाऱ्याला उभं राहून गोल फिरता येत नसेल, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

मोठ्या स्पर्धांत काय होतं ते आपण बघितलंय. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनकडून उतरलेली १९ वर्षांची झू यी टीम इव्हेंटमध्ये पडली आणि "झू यी पडली" अशा हॅशटॅगला वेइबो या चिनी सोशल मीडियावर काही तासांत २० कोटी व्ह्यूज गेले, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बर्फावर उतरली तेव्हा रडत होती. त्याच ऑलिंपिकमध्ये डोपिंगच्या प्रकरणात सापडलेली कामिला वालियेवा पंधरा वर्षांची होती, पंधरा. त्यानंतर इंटरनॅशनल स्केटिंग युनियनने सीनियरसाठी किमान वय टप्प्याटप्प्याने १७ केलं, २०२४-२५ च्या सीझनपासून लागू. चांगलंच झालं, पण ज्युनियरला १३ व्या वर्षीही उतरता येतं आणि ज्युनियर ग्रां प्री ही त्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिका यूट्यूबवर जगभर फुकट दिसते. म्हणजे कॅमेरा काही मोठ्या वयाची वाट बघत बसलेला नाही.

आता सेटिंग्ज. कंटाळवाणं आहे पण एकदा बसून करून टाका. सगळ्यात आधी दोन अकाउंट वेगळी करा. एक मित्रमैत्रिणींचं, प्रायव्हेट, तिचं स्वतःचं, तिथे तुम्ही नाक खुपसू नका. दुसरं स्केटिंगचं, पब्लिक, आणि ते चालवणार मोठं माणूस, मुलीच्या फोनवर त्याचा लॉगिनच नको. व्हिडिओ तिने निवडावेत, कॅप्शन तिने सांगावं, कमेंट्स मात्र तुम्ही वाचा. माझ्या मते बाकी सगळ्या सेटिंग्जपेक्षा याचा फायदा जास्त. इन्स्टाग्रामवर तिचं स्वतःचं अकाउंट टीन अकाउंट असू द्या, वय खोटं टाकून मोठं करू नका, कारण खरं वय असलं तरच ते आपोआप प्रायव्हेट राहतं आणि अनोळखी लोकांचे मेसेज अडतात. टॅग आणि मेन्शन फक्त ओळखीच्यांना. स्पर्धेच्या आठवड्यात पब्लिक अकाउंटवर लिमिट नावाची सोय चालू करा, त्याने फॉलो न करणाऱ्यांच्या आणि नुकतंच फॉलो केलेल्यांच्या कमेंट्स काही दिवस झाकल्या जातात, आणि झुंड नेहमी तिथूनच येते.

ब्लॉक की रिस्ट्रिक्ट? अनोळखी ट्रोल असेल तर सरळ ब्लॉक, आणि त्याने पुढे काढलेली अकाउंटंही ब्लॉक करायचा पर्याय येतो तो निवडा. ओळखीतला कोणी असेल, वर्गातला वगैरे, तर रिस्ट्रिक्ट बरं, कारण त्याची कमेंट त्यालाच दिसत राहते, बाकी कोणाला नाही, आणि त्याला कळतही नाही. बोंबलत बसू दे एकटा.

शब्दांची यादी हा माझा आवडता विषय. इन्स्टाग्रामवर हिडन वर्ड्स, यूट्यूबवर ब्लॉक्ड वर्ड्स, दोन्हीकडे आपले शब्द टाकता येतात. मी सुरुवातीला शहाणपणाने सगळ्या माहितीतल्या शिव्या टाकल्या आणि निवांत झाले. मग त्या चौदा वर्षांच्या पोरीच्या व्हिडिओखाली पेंग्विन यायला लागले, नुसता इमोजी, एक, तीन, आठ. मला वाटलं बर्फ आहे म्हणून पेंग्विन, किती गोड, मी एकाला हार्टही दिलं! दोन दिवसांनी तिनेच सांगितलं की तिच्या चालीवरून आणि वजनावरून ते चालू आहे. मेल्यासारखं झालं मला. तेव्हापासून यादी मी मुलांसोबत बसून करते. कुठला प्राणी, कुठलं फळ, कुठलं टोपणनाव, अक्षराच्या जागी आकडा टाकून लिहिलेला कुठला शब्द, हे त्यांनाच माहीत असतं. इमोजीही यादीत टाकता येतात. आपली भाषा, इंग्रजी, रोमन अक्षरांत लिहिलेली आपली भाषा, तिन्ही टाका.

क्लब किंवा आयोजक लाईव्ह स्ट्रीम करत असतील तर माझं स्पष्ट मत, मुलांच्या इव्हेंटला चॅट बंद. कोणाचं काही अडत नाही. ठेवायचीच असेल तर स्लो मोड लावा (म्हणजे एकाला पाठोपाठ मेसेज टाकता येत नाहीत) आणि दोन मॉडरेटर बसवा जे स्वतः स्केट बघण्यात गुंगणार नाहीत. व्हिडिओला पूर्ण नाव, वय, शाळा असलं काही लिहू नका. आणि थंबनेल नीट बघा, हवेत फिरताना प्रत्येकाचं तोंड वाकडं होतं, ती फ्रेम तुम्हीच लावलीत तर मीमवाल्यांचं काम तुम्हीच केलंत. स्पायरल आणि बिलमन, म्हणजे पाय मागे उंच उचललेल्या पोझ, त्यांच्या फ्रेम तर अजिबात नको, कारण सांगायला नको.

पुरावा कसा ठेवायचा? डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट, त्यात युजरनेम, तारीख, वेळ दिसायला हवी, आणि कमेंटची लिंक आणि प्रोफाईलची लिंक वेगळी लिहून ठेवा, कारण ही मंडळी नाव बदलून मोकळी होतात. मग रिपोर्ट, मग ब्लॉक, याच क्रमाने. सगळं एका फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर मुलाच्या फोनवर नको, नाहीतर रात्री उघडून बसेल. मारण्याची धमकी, पत्ता किंवा सरावाची वेळ माहीत असल्याचं कोणी दाखवणं, भेटायला बोलावणं, यातलं काही आलं तर प्लॅटफॉर्मच्या उत्तराची वाट बघू नका, पोलिसांकडे जा आणि रिंकवर सांगा.

एक अपवाद मात्र नीट लक्षात घ्या. मुलीचा फोटो एडिट करून किंवा एआयने नग्न केलेला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, कोणाला "हे बघा काय चाललंय" म्हणून पाठवूही नका, तसा फोटो जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. लिंक लिहून घ्या, रिपोर्ट करा, पोलिसांना सांगा. टेक इट डाऊन नावाची मोफत सेवा आहे, १८ वर्षांखालच्यांच्या अशा फोटोंसाठी, तिथे फोटो अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून शोधून काढतात.

आता कोणाला न आवडणारी गोष्ट. प्रत्येक टीका म्हणजे ट्रोलिंग नाही. "फ्लिप जंप चुकीच्या एजवरून (ब्लेडच्या कडेवरून) गेली", "मार्क्स जास्त दिले", हे मुलीला झोंबेल पण ते खेळाबद्दल आहे, आणि ते जजिंगबद्दलचं भांडण असेल तर तिच्याबद्दल तर नाहीच. शरीर, चेहरा, कपडे, देश, आईबाप, "खेळ सोडून दे", "मर", हे शिवीगाळ. हा फरक मुलींना शिकवला की त्या स्वतःच सांगतात, "हे राहू दे, हे काढ". आम्ही उगाच सगळंच उडवायचो तेव्हा एक पोरगी मला म्हणाली होती, मग तुम्ही नुसत्या "क्वीन" वाल्या कमेंट्सच ठेवणार का?

आणि शिव्या देणारा नेहमी लांबचाच असतो असं नाही. एकदा एका नव्याकोऱ्या अकाउंटवरून फार विषारी लिहिलेलं होतं, आणि त्यात मुलीचं एक टोपणनाव होतं जे फक्त सरावाच्या वेळी बर्फावर वापरायचे. मग काय, रिंकच्या कठड्याला टेकून उभ्या राहणाऱ्यांपैकीच कोणीतरी. अशा वेळी ग्रुपवर बॉम्ब टाकू नका, संशय चुकला तर दुसऱ्या मुलाचं वाटोळं. पुरावा गोळा करा, क्लबमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी जे कोणी नेमलेलं असेल त्याच्या हातात लेखी द्या आणि तारीख टाकून पोच घ्या. असं कोणी नेमलेलंच नसेल तर आधी ते नेमायला लावा.

मूल काही बोललं नाही तरी लक्ष ठेवा. जुने व्हिडिओ डिलीट करतेय, आवडता कॉस्च्युम नको म्हणतेय, ताटातलं अर्धं टाकतेय, कॅमेरा दिसला की पाठ फिरवतेय. जेवणावर परिणाम दिसला तर वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा, या खेळात कमी खाण्याचे परिणाम हाडांपर्यंत जातात. आणि जगण्याचा कंटाळा आला असं काही बोलली तर त्याच दिवशी समुपदेशक किंवा डॉक्टर, आणि रात्री तिला एकटं ठेवू नका. विचारताना "काय वाचलंस?" असं पोलिसी विचारू नका. मी गाडीत विचारते, दोघींची तोंडं समोर असतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही, मग हळूहळू बोलतात.

ती पेंग्विनवाली आता सोळाची आहे, आणि यादी तीच अपडेट करते. परवा रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, नुसता बटाट्याचा इमोजी आणि खाली "हापण टाक, नवीन आहे". टाकला.