ल्युकेमियाच्या लेकराला घरी कसं सांभाळायचं: वही, थर्मामीटर आणि नागपूरचा कूलर

आमचा पोट्टा चार वर्षांचा होता तेव्हा पायावर काळेनिळे डाग दिसले, आम्हाला वाटलं खेळताना आपटला असेल. मग ताप आठ दिवस उतरेना, चेहरा पांढराफटक, पाय दुखतात म्हणून रात्री रडायचा. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) केला, मग बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी), आणि नाव कळलं, एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), म्हणजे लहान मुलांमधे सगळ्यात जास्त दिसणारा ब्लड कॅन्सर. ज्यांच्या घरी हे आत्ताच कळलंय त्यांच्यासाठी लिहितेय, आई म्हणून जे जे करावं लागलं तेवढंच. डोस-बिस सगळे तुमच्या डॉक्टरलाच विचारा.

पहिलं काम, किती दिवसांचं आहे ते समजून घ्या. पहिला महिना-सव्वा महिना इंडक्शन, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारायची पहिली जोरदार किमो, त्यात बहुतेक अ‍ॅडमिटच राहावं लागतं, त्याच्या शेवटी परत बोन मॅरो करून एमआरडी बघतात म्हणजे लपलेल्या पेशी किती उरल्या ते. मग उरलेल्या पेशी मारायचं कन्सॉलिडेशन वगैरे काही महिने आणि शेवटी मेंटेनन्स, म्हणजे मुख्यतः घरी गोळ्या. सगळं मिळून दोन-अडीच वर्षं. इंडक्शननंतर लेकरू एकदम छान दिसायला लागतं आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच, आता काहून त्रास देता त्याला? तिथेच लोक औषध सोडतात आणि आजार परत येतो. पैसेवाल्या देशांत दहापैकी नऊ मुलं बरी होतात ती पूर्ण कोर्स होतो म्हणूनही.

आणि हो, निदान पक्कं व्हायच्या आधी कोणी अंगदुखीसाठी स्टेरॉइड लिहून दिलं तर देऊ नका, आधी विचारा, त्याने रिपोर्टच घोटाळ्यात पडतो.

दुसरं, पैसे आणि कागद पहिल्याच आठवड्यात लावून टाका. नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आहे, तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे. कुठेही जा, आधी आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) गाठून सरकारच्या महात्मा फुले योजनेत नाव बसतं का विचारा, रेशनकार्ड आणि आधारचे झेरॉक्स पिशवीत ठेवा. बाहेरगावाहून येत असाल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत असते, त्याचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या.

आता वही. साधी दोनशे पानी. पुढच्या पानावर डॉक्टर, वॉर्ड, रक्तपेढी यांचे नंबर आणि दहा जणांची नावं त्यांच्या रक्तगटासकट, जे फोन केला की खरंच येतील. प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते, म्हणून ती आधीच आणून ठेवता येत नाही, रक्त देणारा माणूसच तयार ठेवावा लागतो. आतल्या पानांवर रोजचा ताप, औषध, संडास झाली का (व्हिनक्रिस्टिन या किमोच्या औषधाने पोट एकदम गच्च होतं), आणि प्रत्येक सीबीसीचे आकडे. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचा आकडा, स्वतः काढायला शिका, टोटल पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. एका रात्री आमच्या रिपोर्टवर होतं १,८०० आणि २२ टक्के, म्हणजे ३९६. पाचशेच्या खाली म्हणजे अंगात लढायला कोणी नाही.

त्याच रात्री ताप आला, १०१. आम्ही घाबरून जवळच्या एका क्लिनिकमधे नेला, तिथे म्हणाले व्हायरल आहे, सिरप दिलं, सकाळी बघू. तीन तास गेले. नंतर कळलं की हे तीन तास घालवायचेच नसतात. म्हणून पक्कं करा: काखेत थर्मामीटर (संडासच्या जागी कधीच नाही), १००.४ किंवा वर दिसला की आधी हॉस्पिटलला फोन आणि सरळ निघायचं, क्रोसिन देऊन ताप दाबायचा नाही, आयबुप्रोफेन-अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही. अँटिबायोटिक पोहोचल्यावर तासाभरात सुरू व्हायला पाहिजे. रात्री दोन वाजता गाडी कोणाची, हे दिवसाच ठरवून ठेवा. दाराशी भरलेली पिशवी.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते, कारण हे पुस्तकात नाही लिहिलेलं. मे महिन्यात इथे पंचेचाळीस डिग्री, कूलरशिवाय कोणी जगूच शकत नाही, पण ओल्या खसमधे आणि टाकीतल्या पाण्यात बुरशी धरते आणि तीच हवा झोपलेल्या लेकराच्या तोंडावर. डॉक्टरने कूलर बंदच करायला सांगितला, आम्ही एका खोलीत जुना एसी लावला आणि कूलर बाहेरच्या खोलीत हलवला. घराचं खोदकाम चालू असेल तिथून पण लेकरू दूर ठेवा. संत्री आमच्या पोट्ट्याला चालायची, धुवून आम्हीच सोलून द्यायचो, पण बाहेरचं तर्री पोहे वगैरे विसरा.

मेंटेनन्समधे खरी परीक्षा आईबापाची. मर्कॅप्टोप्युरिन रोज रात्री एकाच वेळेला, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नाही! चुकून रोज दिलं तर जीवावर येतं. आम्ही गुरुवार धरला आणि कॅलेंडरवर लाल गोल केले. गोळ्या उघड्या हाताने चुरायच्या नाहीत. मेथोट्रेक्सेटच्या मागे येल्लाप्रगडा सुब्बाराव या शास्त्रज्ञाच्या टीमचं काम आहे, आपल्याच देशातल्या, आंध्रातल्या भीमावरमचा माणूस, हे ऐकून सासऱ्यांनी तर त्या गोळ्यांचं नावच सुब्बाराव ठेवलं. मग पोट्टा पण म्हणायचा, आज सुब्बाराव आहे ना!

स्टेरॉइडच्या आठवड्यात तो रात्री एक वाजता वरण-भात मागायचा आणि ताट आलं की रडायचा. त्याला ओरडू नका, ते औषध बोलत असतं. काढे, टॉनिक देताय तर आधी दाखवा. शेजारी कोणाला कांजण्या आल्या असतील आणि आपलं लेकरू तिथे खेळलं असेल तर त्याच दिवशी फोन करा, सकाळची वाट नको. शाळा मेंटेनन्समधे डॉक्टर हो म्हणाले की सुरू होते. तान्हा पोळ्याला आम्ही पहिल्या वर्षी गल्लीच्या कोपऱ्यावरूनच लाकडी बैल फिरवला, गर्दीत नेला नाही, मास्क पण लावला, बैलालाही.

औषध संपलं तरी तपासण्या सुरूच राहतात, आणि राहिलेल्या लसी कधी द्यायच्या ते विचारूनच द्या, आमच्या डॉक्टरने सहा महिने थांबायला सांगितलं. वही अजून आहे. तिसरी चाललीय, पण आता पानावर फक्त सीबीसीची तारीख असते आणि बाकी त्याने काढलेले बैल.