दुर्बिणीने पिशवी किंवा गाठी काढताना या चुका टाळा

गर्भाशयाची पिशवी किंवा फायब्रॉइडच्या गाठी काढायचे ठरले की ठाण्यातील माझ्या दवाखान्यात नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा टाके किती आणि सुट्टी कधी, हाच असतो. या प्रश्नामागे एक समज असतो, की छिद्रे लहान म्हणजे शस्त्रक्रियाही लहान. प्रत्यक्षात आत कापायचे तेवढेच असते, आणि गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून मूत्रवाहिनी जात असते. पुढच्या बहुतेक चुका या एका समजातून होतात.

पहिली चूक म्हणजे जुनी माहिती अर्धवट सांगणे. आतड्याला किंवा मोठ्या रक्तवाहिनीला होणाऱ्या गंभीर इजांपैकी बऱ्याच इजा बेंबीजवळून पहिले उपकरण आत घालतानाच होतात. आधीची सिझेरियन, पोटाचा क्षयरोग किंवा बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर आतडे तिथे चिकटलेले असू शकते. हे आधी कळले तर शल्यचिकित्सक डाव्या बरगडीखाली सुमारे तीन सेंटिमीटरवरून प्रवेश करण्याचा विचार करतात. म्हणून जुनी डिस्चार्ज कार्डे शोधून आणावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि लपवूही नयेत, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे: गाठ बाहेर कशी काढणार, हे न विचारणे. मोठी गाठ छोट्या छिद्रातून काढायची तर तिचे तुकडे करावे लागतात, आणि गाठीत न ओळखलेला कर्करोग असेल तर पोटात उघड्यावर तुकडे करताना तो पसरू शकतो. गाठींसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे 350 स्त्रियांपैकी एकीला असा न ओळखलेला सार्कोमा (गर्भाशयाचा एक कर्करोग) असू शकतो, असा अंदाज मांडून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2014 मध्ये विद्युत मॉर्सेलेटरच्या, म्हणजे गाठीचे तुकडे करणाऱ्या यंत्राच्या, वापराविरुद्ध इशारा दिला होता. म्हणून पाळी जाण्याच्या वयात रक्तस्राव अनियमित असेल तर आधी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून घ्यावा, आणि तुकडे करावेच लागले तर ते पोटात घातलेल्या वेगळ्या बंद थैलीत होतील का, हे स्पष्ट विचारावे. तो तपास साध्या निकालाचा आला तरी सार्कोमा पूर्णपणे नाकारता येत नाही, याचीही जाणीव ठेवावी.

दुर्बिणीचाच हट्ट धरणे हीही चूकच. पिशवी योनीमार्गे निघण्यासारखी असेल तर पोटावर एकही छिद्र लागत नाही. आणि शस्त्रक्रिया चालू असताना पोट उघडावे लागले, तर ते अपयश समजू नये. तो निर्णय वेळेवर घेणाऱ्या हातांवर मी अधिक विश्वास ठेवीन.

रुग्णालयांनी टाळायची चूक उपकरणांच्या स्वच्छतेची आहे. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटे बुडवणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. त्यासाठी त्याच द्रावणात साधारण दहा तास लागतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी छिद्राच्या जागी गाठ येऊन पू वाहू लागला, तर नेहमीच्या अँटिबायोटिकांचे कोर्स बदलत न बसता तो पू क्षयरोगाच्या जातकुळीतील जंतूंसाठी तपासायला द्यावा.

सर्वांत जास्त काळजी घरी आल्यानंतरच्या दिवसांची वाटते. दोन-तीन दिवस खांदा दुखणे सहसा गंभीर नसते, कारण शस्त्रक्रियेवेळी पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) चिडलेले असते. पोटाचे दुखणे मात्र रोज कमीच व्हायला हवे. ते अठ्ठेचाळीस तासांनंतर वाढू लागले, पोट फुगले, वात सरेनासा झाला, ताप आला किंवा नाडी जलद झाली, तर फोनवरून वेदनाशामक गोळी विचारू नये. शस्त्रक्रियेत उपकरणाच्या उष्णतेने भाजलेल्या आतड्याला काही दिवसांनीही छिद्र पडू शकते, आणि तेव्हा बाहेरचे टाके अगदी स्वच्छ दिसतात. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन सीटी स्कॅनबद्दल विचारावे. योनीतून पाण्यासारखा स्राव सतत होत असेल, तर ती मूत्रवाहिनीची किंवा मूत्राशयाची गळती असू शकते. ती दोन-तीन आठवड्यांनीही दिसते. ठाण्यातील घोडबंदर रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्यांनी तर संध्याकाळची कोंडी लक्षात घेऊन, रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे आणि कोणाला फोन करायचा, हे डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्यावे.

टाके सुकल्यावर पॅथॉलॉजीचा अहवाल न्यायला अनेकजणी येतच नाहीत. काढलेल्या गाठीत काय होते, हे त्या कागदावरच कळते. तो डॉक्टरांसमोर बसून वाचून घ्यावा आणि त्याची प्रत घरी ठेवावी.