आजोबांची लढाईतली पत्रं वाचायला घेताना

मंडणगड तालुक्यातल्या आमच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची एकवीस पत्रं सापडली. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्यानंतर काही महिन्यांनी ते भरती झाले. वय एकोणीस. तुमच्याकडे अशी पत्रं असतील तर निदान माझ्या चुका तरी करू नका.

पत्रं उघडायची ती थंडीत. पावसाळ्यात आपल्याकडे डब्यातलं मीठ पाझरतं, तिथे कागदाची काय कथा! उन्हात पसरू नका, ती आंबोशी नव्हे. फाटल्या जागी सेलोटेप नको. मी दोन पत्रांना लावला आणि आता पिवळ्या डागाखालची अक्षरं गेली. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाकिटाचेही काढा. जवानाला ठिकाण लिहायची मुभा नसे, पण शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो, त्यावरून माग लागतो.

मग वहीत उतरवा, शुद्धलेखन न सुधारता. मोडी असेल तर जाणकार गाठा.

खरं काम पुढे आहे. प्रत्येक पत्र कुणाकुणाच्या हातून जाणार होतं ते आधी ठरवा. तिकडे सेन्सॉरचा साहेब. इकडे पणजीला अक्षर येत नव्हतं, म्हणून मास्तर ओट्यावर बसून वाचत आणि ती खाली अंगणात उभी राहून ऐके. दर शिमग्याला आजोबा विचारतात, “यंदा पालखी आपल्या वाडीत आली का?” मी ही भक्ती समजत होते. पालखी आमच्या वाडीत कधीच येत नसे, हे आजीने सांगितलं तेव्हा उलगडलं: तो प्रश्न मास्तरांच्या तोंडून, मोठ्याने, ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकवायचा होता.

तारखा लावल्यावर आणखी एक दिसलं. सुरुवातीच्या पत्रांत ‘ग्रामदेवतेच्या कृपेने खुशाल’ असतं, नवव्यापासून नुसतं ‘खुशाल’. त्याच पत्रात टोपीच्या बिल्ल्यावरच्या भीमा कोरेगावच्या स्तंभाचं चित्र काढलंय, जरा वाकडं. बाबासाहेबांची धर्मांतराची येवल्याची घोषणा १९३५ची, बौद्ध धम्माची दीक्षा १९५६ची. हे पत्र अधलं. म्हणून अशा गाळलेल्या शब्दांसाठी वहीत वेगळा रकाना ठेवा.

पालखीच्या प्रश्नाला पणजीने काय उत्तर धाडलं? तिची पत्रंही मास्तरच लिहीत. ती पत्रं तिकडेच राहिली.